एका म्यानात दोन क्वार्टरबॅक

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतं: "ज्याच्याकडे दोन क्वार्टरबॅक, त्याच्याकडे एकही नाही." हे वाक्य अमेरिकन फुटबॉलचे नामवंत प्रशिक्षक आणि समालोचक जॉन मॅडन यांच्या नावावर खपतं. त्याखाली कुणीतरी हौसेनं आपली झालर लावलेली असते, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मग कारणं येतात. दोघांना आलटून पालटून खेळवणारा संघ अजिंक्यपद जिंकत नाही. लय बिघडते. सराव वाटला जातो. संघात तट पडतात. आणि मैदानात कोण आलाय यावरूनच समोरच्याला पुढची चाल कळते.

जे अमेरिकन फुटबॉल हा खेळ बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं आणि प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. फेकायचा, कुणाला द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. इतकी नाजूक जागा दोघांत वाटू नये असं वाटणं साहजिक आहे. मीही कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावी, शिकायला आलो तेव्हा हेच मानायचो.

आधी कॉलेज फुटबॉलच्या अजिंक्यपदाचं बघू, कारण तो मुद्दा सरळ खोटा आहे. २००६ च्या मोसमात फ्लोरिडा विद्यापीठाकडे ख्रिस लीक हा शेवटच्या वर्षाचा क्वार्टरबॅक होता. शांत, नेमकी फेक करणारा. त्याच्या मागे टिम टीबो, पहिल्याच वर्षाचा, अंगानं दांडगा. प्रशिक्षक अर्बन मायर यांनी लीकला मुख्य ठेवलं आणि एखाद-दोन यार्ड रेटून काढायचे असले की टीबोला आत पाठवलं. त्या मोसमात टीबो ४६९ यार्ड पळाला. धावण्यात संघात त्याच्या पुढे एकच जण होता. ८ जानेवारी २००७ ला ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला अंतिम सामना झाला, समोर ओहायो स्टेट, त्यांच्याकडे त्या वर्षीचा हाइजमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता ट्रॉय स्मिथ. म्हणजे पुस्तकातला 'एकच क्वार्टरबॅक' त्यांच्या बाजूला. निकाल ४१-१४, फ्लोरिडा. टीबोनं त्या रात्री एक टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे पोचवणं) फेकला आणि एक पळून केला. पुढच्याच मोसमात एलएसयूनं (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा मॅट फ्लिन मुख्य होता आणि रायन पेरिलू ठरावीक चालींसाठी यायचा. फ्लिन दुखावला म्हणून एसईसीचा (त्यांच्या विद्यापीठगटाचा) अंतिम सामना पेरिलूनं सुरू केला आणि टेनेसीला २१-१४ हरवलं. लागोपाठ दोन वर्षं! यावर "ते अपवाद" असं उत्तर येतं. देशभरात अजिंक्यपद वर्षाला एकालाच मिळतं, त्यामुळे विजेता अपवादच असायचा. एकच क्वार्टरबॅक खेळवणारे संघ शंभराच्या वर असतात, तेही बहुतेक सगळे हरतातच.

छोट्या यशाचीही किंमत असते. नॉर्थवेस्टर्ननं १९४९ च्या रोझ बोलनंतर एकही बोल सामना (मोसमानंतरचा निमंत्रितांचा सामना) जिंकला नव्हता. तो दुष्काळ १ जानेवारी २०१३ ला संपला, गेटर बोलमध्ये मिसिसिपी स्टेटवर ३४-२०. त्या संघात केन कोल्टर पळायचा, ट्रेव्हर सीमियन फेकायचा, आणि सीमियन आत असला की कोल्टर कधी कधी रिसीव्हर (फेक झेलणारा) म्हणून बाजूला उभा राहायचा. दोन्ही तलवारी एकदमच उपसलेल्या.

आता माझ्या घरच्या जखमेकडे येतो. या फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून हटकून ओहायो स्टेटचा २०१५ चा मोसम असतो. आदल्या वर्षी जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला, कार्डेल जोन्स आत आला आणि अजिंक्यपद घेऊन गेला. त्यामुळे २०१५ मध्ये दोघंही जागेचे हक्कदार. जोन्सनं पहिले सात सामने सुरू केले, गोलरेषेजवळ बॅरेट यायचा. संघ अडखळत होता हे खरं, पण जिंकत होता. मग बॅरेट मुख्य झाला. २१ नोव्हेंबरला, पावसात, मिशिगन स्टेटनं १७-१४ नं हरवलं आणि सलग २३ विजयांची मालिका तुटली. "दोन क्वार्टरबॅकनी घात केला" असं त्या रात्रीपासून ऐकतोय.

पण त्या दिवशी क्वार्टरबॅकची फिरवाफिरव करत होतं कोण? ओहायो स्टेट नव्हे! आमच्याकडून बॅरेटच खेळत होता. मिशिगन स्टेटचा कॉनर कुक खांद्याच्या दुखापतीनं बाहेर होता, म्हणून त्यांनी टायलर ओकॉनर आणि डेमियन टेरी या दोन बदली खेळाडूंना आलटून पालटून खेळवलं आणि शेवटच्या क्षणी ४१ यार्डांचा फिल्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) मारून सामना नेला. आमचा धावपटू इझिकिएल एलियट याला दिवसभरात चेंडू मिळाला १२ वेळा, आणि सामन्यानंतर त्यानं त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. घात कुठे झाला ते तिथे शोधा. त्या दिवशी मी मित्राच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. शेवटची किक खांबांमधून गेली तेव्हा खोलीत आवाज होता तो फक्त कुकरच्या शिट्टीचा.

कार्य आणि कारण यांची अशीच उलटापालट २०१६ च्या नोटर डेमबद्दल होते. ४ सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये त्यांनी डिशॉन कायझर आणि मलिक झायर दोघांना खेळवलं आणि टेक्सासकडून ५०-४७ असे हरले, दोन जादा डावांनंतर. पुढे मोसम ४-८ असा गेला. फॉरवर्डवाले इथेच थांबतात. त्या सामन्यानंतर कायझर एकटा मुख्य झाला, म्हणजे उरलेले सात पराभव एका क्वार्टरबॅकच्या राज्यातले. आणि टेक्सासनं तो सामना जिंकला कसा? शेन बुशेल फेकत होता आणि गोलरेषेजवळ १८ नंबरचा धिप्पाड टायरोन स्वूप्स यायचा. त्या चालींना तिकडे 'अठरा चाकी ट्रक' म्हणायचे. शेवटचा टचडाउनही त्याचाच. टेक्सासचा मोसमही पुढे ५-७ असा घसरला, तेव्हा मी त्यांना आदर्श म्हणत नाही. पण दवाखान्यात जास्त माणसं दगावतात म्हणून दवाखाना टाळा, असं कुणी म्हणत नाही ना? ज्यांच्याकडे एकही धड क्वार्टरबॅक नसतो ते प्रशिक्षक दोघांना चाचपून बघतात, आणि हरतात. एकाला खेळवलं असतं तरी हरले असते.

लयीचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. २२ नोव्हेंबर १९९७, गेन्सव्हिल. फ्लोरिडा स्टेट तोवर अपराजित. फ्लोरिडाचे स्टीव्ह स्पुरियर यांनी डग जॉन्सन आणि नोआ ब्रिंडिस यांना जवळजवळ प्रत्येक चालीला बदललं. लय मोडायची तर याहून जास्त कशी मोडणार? पण त्यात सोय होती. तेव्हा कॉलेजच्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ नसायचा, तो आला २०२४ मध्ये. चाल कळवायची ती हातवाऱ्यांनी. स्पुरियर बाहेर आलेल्या मुलाशी खांद्यावर हात टाकून बोलत, समोरचा बचाव कसा उभा आहे ते दाखवत, आणि पुढची चाल तोंडी देऊन आत धाडत. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना फ्लोरिडा ४ गुणांनी मागे होता. जॉन्सननं जॅकेझ ग्रीनला साठएक यार्डांची फेक केली, मग फ्रेड टेलर पळत गोलरेषेपलीकडे गेला. ३२-२९.

उलट उदाहरणही देतो, कारण ते कुणीतरी देणारच. १९९९ मध्ये मिशिगनच्या लॉइड कार यांनी पहिला क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) टॉम ब्रेडीला, दुसरा ड्र्यू हेन्सनला आणि दुसऱ्या अर्धात जो बरा खेळेल तो, अशी वाटणी केली. हो, पुढे जगप्रसिद्ध झालेला तोच ब्रेडी. घड्याळ बघून केलेली ही वाटणी मलाही पटत नाही. समोर काय चाललंय याच्याशी तिचा संबंधच नव्हता. तरी पहिले पाचही सामने त्यांनी जिंकले होते.

सरावाबाबत मात्र मी निम्मा मुद्दा सोडतो. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमानं मोसमात आठवड्याला २० तासच मिळतात, आणि क्वार्टरबॅकच्या हातून धावपटूच्या पोटाशी चेंडू जाणं ही शेकडो वेळा करून अंगवळणी पडणारी गोष्ट आहे. २०२१ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध मिशिगन ३ गुणांनी पुढे होतं, केड मॅकनमाराच्या जागी जे. जे. मॅकार्थी आला, आणि त्याच्या व धावपटू ब्लेक कोरमच्या मधे चेंडू निसटला. सामना ३७-३३ नं गेला. शिवाय फॉरवर्डवाल्यांना न सुचलेला मुद्दा मीच देतो: लीक उजवा होता, टीबो डावखुरा. डावखुऱ्याच्या फेकीत चेंडू उलटा गरगरतो आणि रिसीव्हरला हात बदलावे लागतात. पण ठरावीक आठ-दहा चालींसाठी येणाऱ्याला तेवढ्याच घोटायच्या असतात, निम्मा सराव लागत नाही. आणि त्याच मिशिगननं त्याच वर्षी दोघांना घेऊन ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं. ते मी लिहितोय, म्हणजे किती खरं असेल बघा.

तट पडतात म्हणे. २०१८ मध्ये क्लेमसननं केली ब्रायंट आणि ट्रेव्हर लॉरेन्स यांना पहिले चार सामने वाटून दिले, चारही जिंकले. मग लॉरेन्सला एकट्याला मुख्य जाहीर केलं आणि ब्रायंट संघ सोडून गेला. गेला तो वाटणी मोडल्यावर. लगेच पुढच्या सामन्यात सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स दुखावला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चेस ब्राइसला पिछाडीवरून २७-२३ असा सामना ओढून आणावा लागला.

राहिला शेवटचा, आणि मला मान्य असलेला सगळ्यात दमदार मुद्दा: दुसरा आत आला की चाल उघडी पडते. २००६ मध्ये टीबो आत आला की प्रेक्षकांतल्या पोरालाही कळायचं, हा डोकं खाली घालून घुसणार. ऑक्टोबरमध्ये एलएसयूविरुद्ध हाफटाइमच्या जरा आधी चेंडू गोलरेषेपासून यार्डभर अंतरावर होता, आणि टीबो आला. चाल सुरू होताना मागे दिलेला चेंडू घेतला, दोन पावलं पुढे धावला. एलएसयूची सगळी मधली फळी त्याच्यावर चालून आली. रेषेपाशी पोचता पोचता त्यानं उडी मारली, हवेत असतानाच हात क्षणभर अडखळला, आणि मग चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गोलरेषेपलीकडच्या सहकारी टेट केसीकडे नुसता टाकला, पोरानं शेजारच्या गच्चीवर टाकावा तसा.