खुलासा : बोटीचं वजन ट्रेलरच्या मागे ठेवू नका

‘ट्रेलरवर बोट जरा मागे सरकवा, पिकअपवर भार येत नाही, घाटात गाडी हलकी चालते’ असा सल्ला सध्या किनाऱ्यावर फिरतो आहे. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे.

गाडीच्या टो-बॉलवर (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार पडायलाच हवा. बोट, इंजिन, इंधन आणि ट्रेलर मिळून ९०० किलो असेल, तर बॉलवर ९० किलो. भार फारच कमी झाला की ट्रेलरची शेपटी डोलू लागते आणि कशेडी किंवा आंबा घाटाच्या उतारावर वेग वाढताच ती पिकअपलाही ओढते. आउटबोर्ड इंजिन मुळात मागच्या टोकाला असतं. त्यात जाळी, बर्फाचे खोके, पेट्रोलचे कॅन मागेच टाकले की झालंच!

मोजणं सोपं आहे. सपाट जागी चाकांना उटी (पाचर) लावा, कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा पुढचा भाग) बॉलच्याच उंचीवर येईल असा ठोकळा वजनकाट्यावर ठेवून त्यावर टेकवा. आकडा कमी आला तर आधी सामान पुढे घ्या. तरी भागलं नाही तर विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा) खांब पुढे सरकवून बोट पुढे ओढा, पण बोटीच्या मागच्या फळीखालचा आधार सुटता कामा नये. मात्र बॉल आणि गाडीची भारमर्यादा ओलांडू नका.

डोलणं सुरू झालंच तर करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा. उतार खालच्या गिअरमध्येच उतरा.