मामाच्या एकसष्टीची पोस्ट

बँकेला अर्ज लिहायचा असला की मला काही प्रश्न पडत नाही. एआयला सांगायचं, तो 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं लिहून देतो, आणि तसाही तो अर्ज मन लावून कोण वाचणारे. पण मामाच्या एकसष्टीला फेसबुकवर चार ओळी टाकायच्या होत्या आणि तिथं माझी गाडी अडकली.

मावसभाऊ म्हणे, दादा एवढं काय डोकं लावतो, माहिती टाक न् पोस्ट घे. टाकली. मामा अमळनेर तालुक्यातला, कापूस लावतो, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी देतो, आणि मी लहान असताना मला राजदूत मोटारसायकलवर बसवून सखाराम महाराजांच्या यात्रेला घेऊन गेला, बोरी नदीच्या पात्रात भरते ती, आणि घरी परत आला तेव्हा गाडीवर टरबूज होतं, मी नव्हतो. मी तिकडं पाळण्यापाशी भोंगा लावून उभा.

तर एआयनं लिहिलं, 'मामा म्हणजे केवळ एक नातं नाही, तर मायेचा वटवृक्ष आहे.' ठीक आहे, धकवून घेऊ. पुढं यात्रेचं काय, तर 'बालपणीच त्यांनी मला स्वावलंबनाचा पहिला धडा दिला.' धडा! त्या धड्यापायी माझी आई दिवाळीपर्यंत मामाशी धड बोलली नव्हती. आणि भरितात टोमॅटो घातला. काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, झालं आमचं भरीत, त्यात टोमॅटो दिसला तर मामा वांग्यांसोबत मलाही जाळावर ठेवेल.

त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष म्हणा. ढीगभर मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायचा हेच त्याचं काम, आणि मराठी शुभेच्छांत आपणच इतके वटवृक्ष लावून ठेवलेत की मामा म्हटलं की तेच उगवणार. म्हटलं अहिराणीत लिही, आमच्या खान्देशच्या बोलीत. तर मराठीच वाक्याला शेवटी 'शे', म्हणजे 'आहे', लावून दिलं, 'तुम्ही आमचे प्रेरणास्थान शे'. निदान 'शेतस', म्हणजे 'आहेत', तरी म्हण की रे बाबा, एकसष्टीचा माणूस आहे. इंटरनेटवर अहिराणी लिहिलेली आहेच किती, आपणच नाही लिहिली तर तो शिकणार कुठून.

मावसभाऊ हट्टाला पेटलेला. म्हणे, बहिणाबाईंना कुठं लिहिता येत होतं, त्यांची गाणी सोपानदेवांनी लिहूनच घेतली ना. मुद्दा बिनतोड वाटला दोन मिनिटं. मग म्हटलं, अरे लिहून घेतली, पण आईची बोली आईचीच ठेवली, वर 'महोदय' नाही चिकटवलं. त्यावर तो म्हणे, 2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्याआधी काय आपल्या ग्रुपवर सगळे स्वतःच्या मनानं लिहीत होते का, फॉरवर्डच यायचे आणि खाली भलत्याच कुटुंबाचं नाव राहून जायचं. हे मात्र खरंय. मावशीनं एकदा भाच्याला 'समस्त पाटील परिवार'तर्फे शुभेच्छा दिल्या होत्या, आमच्यात पाटील कोणीच नाही.

शेवटी मीच लिहिली, यात्रेसकट, टरबुजासकट, आणि पोस्ट करून फोन उलटा ठेवून दिला, कारण मामीला हा किस्सा माहीत आहे की नाही याची मला खात्री नव्हती, आणि वटवृक्षाचा एक फायदा आहे बघा, त्यावरून कोणाच्या घरात भांडण होत नाही. रात्री मामाचाच फोन. मामी मागून काहीतरी जोरजोरात बोलत होती.

"हाई काय लिखं शे रे? ती राजदूत नही व्हती, येझदी व्हती. आते बदली दे."

बरं म्हटलं, बदलतो.

"आनि टरबूज एक नही व्हतं. दोन व्हतात. म्हनीसन गाडीवर जागा नही व्हती."