बोट वर घ्या

“बाळांची डोकी संपली का रे?”

हे वाक्य मी रात्री पावणेदोनला मोठ्यांदा वाचलं आणि शेजारी झोपलेली बायको ताडकन उठून बसली. तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. पाणबुडीवरच्या आयुष्यावर एक माहितीपट-मालिका आहे, तिचे मराठी सबटायटल करायचं काम मी हौसेने अंगावर घेतलंय, आणि ब्रिटिश नौदलात ‘बेबीज हेड’ म्हणजे मांसाचं सारण भरून वाफवलेलं गोलमटोल पुडिंग.

“मग पुडिंग लिही की,” म्हणून तिने कूस बदलली.

तिथेच तर गोची आहे. पुडिंग लिहिलं तर पुढच्या दृश्यात तो खलाशी का हसतोय ते कळत नाही, आणि बाळांची डोकी लिहिली तर प्रेक्षक पोलीस चौकी गाठेल. बरं, त्या भटारखान्यात एवढं एकच नाही. डबाबंद टोमॅटोचा लगदा म्हणजे ‘ट्रेन स्मॅश’, आणि डब्यातल्या मांसाचे तळलेले काप म्हणजे ‘हत्तीच्या पावलांचे ठसे’. एक दाढीवाला शांतपणे ताट पुढे करतो आणि एक रेल्वे अपघात आणि हत्तीचे दोन ठसे मागतो. मला मिळतात दोन ओळी आणि चार सेकंद. त्यात शिव्यासुद्धा नीट बसत नाहीत, खुलासे कुठले बसायला!

खरं तर शीर्षकापासूनच ठेच लागली होती. पाणबुडीवर काम करणाऱ्याला मराठीत म्हणायचं काय? ‘पाणबुड्या’ म्हणावं तर तो विहिरीच्या तळातून घागर काढून देणारा. त्यात पाणबुडीचं अनेकवचनही पाणबुड्याच. ‘पाणबुड्या बेपत्ता’ या मथळ्यात नक्की कोण हरवलंय, सांगा बघू! इंग्रजीवाल्यांचंही फार बरं चाललंय असं नाही. ‘सब-मॅरिनर’ म्हटलं की दुय्यम दर्जाचा खलाशी असा वास येतो, म्हणून अमेरिकन नौदलातले लोक ‘सबमरीन-र’ असाच उच्चार करतात. मी ‘पाणबुडीकर’ करून पाहिलं, तर ते आडनाव वाटायला लागलं. शेवटी ‘पाणबुडीवाला’. तो हातगाडीवर पाणबुड्या विकत फिरतो असं वाटतं, मान्य आहे, पण पहिला भाग दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

एक शब्द मात्र फुकट मिळाला. ब्रिटिश खलाशी धुण्याला ‘धोबी’ म्हणतात. माणसाला नव्हे, धुण्याला, अंघोळीलासुद्धा. कपडे धुण्याची पावडर म्हणजे ‘धोबी डस्ट’. “मी धोबी करून येतो,” असं म्हणून तो टॉवेल खांद्यावर टाकतो. आपलाच शब्द परत आला, पण ओळखू येणार नाही इतका धुऊन.

झोपेचा मामला आणखी नाजूक. जागा इतकी तोकडी की धाकट्या खलाशांपैकी तिघांत मिळून दोनच बिछाने असतात. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या उबेत शिरतो. याला ‘हॉट रॅकिंग’ किंवा ‘हॉट बंकिंग’ म्हणतात. मी केलं ‘उष्टा बिछाना’. माझ्या हातून झालेला हा सर्वोत्तम अनुवाद आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार नाही. अनुभवही तयारच होता. कित्येक वर्षं अमेरिकन पाणबुड्यांवरचा दिवसच 18 तासांचा असे: सहा तास पाळी, उरलेल्या बारांत बाकी सगळं. सूर्य दिसत नाही, तेव्हा ताटात नाश्ता आला की सकाळ झाली म्हणायचं. माझंही तेच झालं. मी पहाटे आडवा व्हायला जायचो तेव्हा बायको उठत असायची. उष्टा, पण उबदार.

अमेरिकन बोटीवर नव्या माणसाला ‘नब’ म्हणतात, म्हणजे ‘नॉन-यूजफुल बॉडी’. त्याचा विस्तार मी ‘निरुपयोगी देह’ असा केला. तो प्राणवायू वापरतो, अन्न संपवतो, बिछाना अडवतो आणि बदल्यात काही देत नाही. बोटीतली एकेक यंत्रणा शिकून, तिच्यावर जाणत्यांच्या सह्या मिळवून छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागेपर्यंत त्याची यातून सुटका नाही. हा भाग आमच्या चिरंजीवांनी शेजारी बसून पाहिला. परवा मला बेसिनचा नळ बंद करता येईना, तेव्हा बाहेरून आवाज आला, “आई, देह अडकलाय!”

आणि मग संडास. या विषयावर मी दोन दिवस घालवले. सगळं आधी एका टाकीत साठतं आणि ती टाकी दाबाच्या हवेने समुद्रात रिकामी करतात. तेवढा वेळ दारावर पाटी असते. पाटी न वाचता आत जाऊन जो कोणी दांडा ओढेल, त्याला आपलं आणि इतरांचं सगळं कर्म याच जन्मी परत मिळतं. हसण्यावारी नेऊ नका. 14 एप्रिल 1945 रोजी जर्मनांची यू-1206 ही पाणबुडी स्कॉटलंडजवळ पाण्याखाली असताना तिच्या संडासातून समुद्र आत आला. पाणी बॅटऱ्यांवर गेलं, क्लोरीन वायू सुटला, बोटीला वर यावं लागलं आणि वर शत्रूची विमानं होती. बोट गेली. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. हे टाइप केल्यापासून मी आमच्या घरचा फ्लश दोनदा विचार करून ओढतो.

इतकं सगळं निभावलं आणि अखेर घात झाला तो बोटापाशी.

पाणबुडीवाले पाणबुडीला बोटच म्हणतात. जहाजं म्हणजे ती वर तरंगणारी, आणि त्यांना हे लोक कौतुकाने ‘टार्गेट’ म्हणतात. म्हणून मी इमानदारीत सगळीकडे ‘बोट’ लिहिलं. कप्तानाचा हुकूम होता, “बोट वर घ्या!” बायकोने खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, “कोणाचं?”

मी दुर्लक्ष केलं. तपासनीसाने केलं नाही. काल त्याचा मेल आला: ‘बोट या शब्दाने अवयवाचा गोंधळ होतो. सबब सर्वत्र जहाज केले आहे. बाकी उत्तम.’

मी फाइल उघडली. पहिल्या भागात म्हातारा प्रशिक्षक नवशिक्याला दरडावतो: “ही जहाज आहे. पुन्हा हिला जहाज म्हणालास तर याद राख!”

पाचव्या भागात एक खलाशी पट्टी बांधलेला हात कॅमेऱ्यापुढे धरतो आणि खाली अक्षरं उमटतात: “दारात सापडलं. जहाज वाचलं, पण नख गेलं.”