कण्याच्या दुखापतीनंतरची आग आणि मिठाची पोटली

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलेला एक मेसेज मामीपर्यंत पोचला. माझा मामेभाऊ आंबे उतरवताना झाडावरून पडला, डी-४ ला, म्हणजे पाठीच्या छातीमागच्या भागातल्या चौथ्या मणक्यापाशी, मज्जारज्जूला इजा झाली. छातीच्या मध्यापासून खाली त्याला स्पर्श कळत नाही, पण पायांची आग मात्र रात्र रात्र झोपू देत नाही. मेसेज म्हणतो: कण्याच्या मारानंतर पाय जळत असतील तर नस जागी होतेय, चांगलं लक्षण आहे. नसेच्या गोळ्या आजच बंद करा, किडनी जाते आणि सवय लागते. रोज रात्री मिठाची गरम पोटली सहन होईल तेवढी शेका. बी-१२ घ्या. आणि ज्यांना पाय कळतच नाहीत तरी दुखतात, त्यांचं दुखणं मनाचं. मामीने तव्यावर मीठ तापवायला घेतलं होतं. वहिनीने पाहिलं म्हणून थांबलं. म्हणून आधी शेकाचंच बोलते.

‘सहन होईल तेवढी’ म्हणजे कुणाला? ज्या कातडीवरून ‘पुरे, भाजतंय’ हा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही, तिथे सहन होण्याचा प्रश्नच उरत नाही. माणूस गप्पा मारत बसलेला असतो आणि पोटरीवर फोड आलेला असतो. लकवा असलेल्या भागातली अशी जखम भरायला फार वेळ घेते, आणि ती टाचेवर किंवा बैठकीवर असेल तर बेडसोरचं, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमांचं, सगळं दुष्टचक्र मागे लागतं.

एवढ्यावर भागत नाही. इजा डी-६ किंवा त्याच्या वर असेल, तर न जाणवणाऱ्या भागातला चटकासुद्धा शरीराला ढवळून काढतो. इजेच्या खालच्या रक्तवाहिन्या आवळतात, मेंदूचा ‘सैल सोडा’ हा हुकूम खाली पोचत नाही आणि बीपी झपाट्याने चढतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो, नाडी मंदावते. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात याला. वेळीच उतरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. या लोकांचं एरवीचं वरचं बीपी बऱ्याचदा शंभराच्या आसपास असतं, त्यामुळे १४० हा आकडा घरच्यांना किरकोळ वाटला तरी त्यांच्यासाठी धोक्याचा असू शकतो. असं झालं तर लगेच बसतं करायचं, पट्टे-कपडे सैल करायचे, लघवीची नळी (कॅथेटर) पिळली गेलीय का ते बघायचं, चटका देणारी वस्तू काढायची, आणि तरी बीपी उतरलं नाही तर थेट दवाखाना. तुंबलेली लघवी आणि बद्धकोष्ठ ही याची नेहमीची कारणं. त्यात आपल्या हाताने गरम मिठाची भर कशासाठी घालायची?

शेकाचा एक उपयोग मान्य करते. व्हीलचेअर ढकलून खांदे भरून येतात, ते स्नायूंचं दुखणं असतं आणि तिथे संवेदना शाबूत असते. तिथे कोमट शेक जरूर द्या. पायांच्या आगीचं मूळ पायांत नसतं, त्यामुळे पाय शेकून ती विझणार नाही.

हे मूळ कळलं की ‘नस जागी होतेय’ आणि ‘मनाचं दुखणं’ हे दोन्ही दावे गळून पडतात. खालून येणारे संदेश तुटले की इजेजवळच्या आणि वर मेंदूतल्या पेशी अतिसंवेदनशील होतात आणि आपणहून वेदनेचे संकेत सोडू लागतात. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्यांनाही ही आग होते. १९७८ साली मेलझॅक आणि लोझर या वेदनेच्या अभ्यासकांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या मज्जारज्जूचा तुकडा शस्त्रक्रियेने काढला होता आणि तरी वेदना टिकून होती. जागी व्हायला तिथे नस होती कुठे? आग वाढली म्हणजे पाय हलणार, अशी आशा लावून कुणाच्या घरच्यांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवू नका. आणि रात्रभर जागणाऱ्या माणसाला ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणणं तर क्रूरपणाच आहे. ताण आणि जागरणाने वेदना वाढते, हे खरं. पण म्हणून ती मनातून उपजत नाही.

आता गोळ्या. २००६ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली एक चाचणी छापून आली: मज्जारज्जूच्या इजेनंतर अशीच वेदना असलेले १३७ रुग्ण, १२ आठवडे, काहींना प्रीगाबालिन ही नसेच्या वेदनेवरची गोळी, काहींना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. दहापैकी मोजलेली वेदना प्रीगाबालिन घेणाऱ्यांत ६.५४ वरून ४.६२ वर आली, दुसऱ्या गटात ६.७३ वरून ६.२७. वेदना गेली नाही, कमी झाली. ज्याला झोप लागत नाही त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. गुंगी आणि चक्कर येते, वजन वाढू शकतं, पायांवर सूज येऊ शकते, आणि सवयीचा मुद्दाही अगदीच खोटा नाही. पण किडनीचं उलटं सांगितलंय. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी ठेवतात. एकदम बंद केलं तर घाम, बेचैनी, क्वचित फिट येते. शिवाय ‘नसेच्या गोळ्यां’मध्ये घरचे बॅक्लोफेनही धरतात, जी पाय आखडण्यावर असते. ती अचानक थांबवली तर आखडणं उसळतं, ताप, भास, फिट, काहीही होऊ शकतं. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

बी-१२ कमी असेल तर घ्या, तपासणी साधी आहे. मज्जारज्जूची इजा त्याने भरत नाही.

मेसेजमध्ये जे यायला हवं होतं आणि नाही, ते असं: जुनी आग अचानक वाढली, जागा बदलली किंवा वर सरकली, तर लघवीचा संसर्ग, बेडसोर, बद्धकोष्ठ आधी बघा. हाताची ताकद किंवा संवेदना कमी होत असेल तर एमआरआयबद्दल विचारा, कारण मज्जारज्जूत पाण्याची पोकळी वाढत असू शकते. मुंबईच्या आसपास असाल तर हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. मामेभावाच्या गोळ्या चालू आहेत आणि मामीला मी हे सगळं फोनवर सांगितलंय.