टीव्हीवर कॉमेडी करायचीय? मग आधी बेळगावात जन्म घ्या

तर तुम्हाला टीव्हीवर कॉमेडी अ‍ॅक्टर व्हायचंय. आणि साधा पण नको, व्हर्सटाइल पाहिजे. चांगलं आहे, फक्त घरात एवढ्यात सांगू नका.

पहिला सल्ला, जन्म बेळगावचा घ्या. जमत नसेल तर खानापूर, निपाणी, येळ्ळूर, काहीही चालतंय. पुण्यामुंबईची पोरं अभिनय शिकायला वर्कशॉपचे पैसे भरतात, आपल्याकडं तेच शिक्षण सरकारी काउंटरवर फुकट मिळतंय ओ. फॉर्म कन्नडमध्ये असतो, आपण मराठी शाळेतले, तर त्यातलं काहीएक कळलेलं नसताना सगळं कळल्यासारखा चेहरा करून रकान्यांवरून बोट फिरवत राहायचं आणि काउंटरच्या पलीकडचे साहेब "नाळे बर्री" म्हणाले की उद्या यायचं आहे हे कळूनसुद्धा न कळल्यासारखं तिथंच उभं राहायचं. मुंबईत याला रिअ‍ॅक्शन म्हणतात आणि त्यावर मोठमोठे लोक लेक्चर देतात.

भाषेचं तर विचारूच नका. घरात मराठी, शेजारच्या काकूंशी कन्नड, रिक्षावाल्याशी दखनी, कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांशी हिंदी, आणि हे सगळं सकाळी नऊच्या आत, दूध आणायला गेलेला माणूस चार कॅरेक्टर करून परत येतोय आणि घरचे विचारतात, एवढा उशीर का?

क्विक चेंज शिकायचा असेल तर १ नोव्हेंबर चुकवू नका. १९५६ साली याच तारखेला राज्यांची वाटणी झाली, आपण अलीकडं महाराष्ट्रात जायचे ते पलीकडं राहिलो, म्हणून तेव्हापासून त्या एका दिवसात गावात दोन वेगवेगळे प्रयोग असतात. आमचा एक दोस्त सकाळी दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत असतोय आणि दुपारी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक यायच्या आत दुकानाला लाल-पिवळी पताका लावतोय, कारण दुकान मेन रोडला आहे आणि काच नवीन आहे. मधी जेवायला वीस मिनिटं. दोन्हीकडं चेहरा अगदी खरा. असला माणूस मुंबईत असता तर आतापर्यंत त्याला दोन-तीन अवॉर्ड मिळाले असते, इथं तो मोबाइलची कव्हरं विकतोय. त्याच्या पाटीचं पण तसंच, नियमानं ६० टक्के जागा कन्नडला, उरलेल्या ४० टक्क्यांत इंग्रजी, मराठी, मोबाइल नंबर आणि गणपती. छोट्या रोलमध्ये उठून कसं दिसायचं हे शिकायचं असेल तर त्या पाटीवरच्या मराठीकडं बघा.

बायोडेटा लिहायला बसलात की लाजू नका. पु. ल. देशपांडे आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, त्यामुळं गावातल्या प्रत्येक घरात त्यांच्या वर्गात बसलेला एक तरी आजोबा आहे, वर्ग केवढा होता कुणास ठाऊक. तुमच्या आजोबांना पण बसवा. २०१५ ला ९५ वं नाट्यसंमेलन बेळगावात झालं, फैयाजबाई अध्यक्ष होत्या, तेव्हा तुम्ही खुर्च्या लावायला गेला असाल तर "अखिल भारतीय नाट्यसंमेलनात सहभाग" असं लिहायला काही हरकत नाही. गल्लीच्या गणपतीत तीन वर्षं यमाचा रोल केला असेल तर ते "पौराणिक भूमिकांचा अनुभव".

मग ऑडिशन. ती हल्ली फोनवर होते. कलाकार जमवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा मेसेज येतो, पांढऱ्या भिंतीपुढं उभं राहा, नाव, वय, उंची सांगा, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, मग काहीतरी कॉमेडी करा. पांढरी भिंत शोधण्यात अर्धा दिवस जातो कारण आपल्या घराची भिंत पोपटी आहे. शेवटी फ्रीजसमोर उभं राहून शूट करा. मधीच आई दही काढायला येऊन फ्रेममध्ये शिरली तर कट करू नका, आमच्या मावसभावाला पहिला कॉल आला तो आईच्या एन्ट्रीमुळं, त्यांना आईचं टायमिंग आवडलं होतं. आईनं नकार दिला म्हणून मग ह्याला बोलावलं.

जाताना कुंदा घ्या, आपली बेळगावची मिठाई. अर्ध्या किलोचे दोन बॉक्स, एक डायरेक्टरला, एक कोऑर्डिनेटरला. खाऊन ते म्हणतील, "वा, धारवाडचा का?" धारवाडचा तो पेढा. पण तुम्ही "हो सर" म्हणा, करिअर आधी, भूगोल नंतर.

मुंबई पाचशे किलोमीटर, रात्रीची स्लीपर, सकाळी सायनला उतरायचं. सीमेवर कधी काय होईल सांगता येत नाही, २०२२ च्या डिसेंबरात वातावरण तापलं आणि एसटी बंद झाली तेव्हा मावसभाऊ निपाणीपर्यंत एका गाडीनं, कोगनोळी नाक्याच्या पुढं टेम्पोनं आणि कागलपासून कुणाच्या तरी बुलेटवर असा कोल्हापूरला पोचला आणि शूटिंगला चार तास उशीर झाला. डायरेक्टरनं विचारलं, कुठं होतास? हा म्हणाला, दोन राज्यांच्या मधी. सेटवर सगळे हसले. पंच नव्हता ओ तो.

आता मुख्य धडा, भाषा. तुम्ही पहिल्या दिवशी सेटवर म्हणणार, "सर, आलो की, चहा घेऊन येऊलोय." सगळे थांबतील. येऊलोय काय? येतोय म्हण. मग सहा महिने तुम्ही आरशापुढं उभं राहून येतोय, करतोय, जातोय म्हणायचं, "की" आणि "ओ" खिशात ठेवायचे, घरी फोन आला तरी पार्किंगमध्ये जाऊन बोलायचं. एवढं करून तोंड एकदम दादर-पार्ले झालं, की एक दिवस रायटर स्किट घेऊन येईल, "अरे तू बेळगावचा ना? मस्त! मग हा अण्णा तूच कर, तुझी ती ओरिजिनल भाषा मार." आणि तुमच्या हातात लुंगी देईल.

लुंगी आपल्याकडं कोण नेसतं? तुमचे आजोबा धोतर नेसायचे, बाबा पायजमा, तुम्ही बर्म्युडा. ते सांगू नका. आणि अण्णाचे डायलॉग असतात "अय्यो, क्या जी", ते तर बेळगावचे पण नाहीत, धारवाडचे पण नाहीत, ते फक्त मराठी टीव्हीतल्या एका अदृश्य जिल्ह्यातले आहेत जिथं सगळे इडली विकतात. तुम्ही भोळेपणानं म्हणालात, सर, आमच्याकडं असं बोलत नाहीत, तर उत्तर येईल, "अरे पण लोकांना तेच कळतं." मग करा. आणि जमलं तर एखाद्या सुट्टीत बेंगळूरला पण ऑडिशन देऊन बघा, तिथं तुमच्या कन्नडमधलं मराठी ऐकून हसतील. दोन राज्यांत हशा वसूल करणारे कलाकार फार थोडे असतात, आपण जन्मतःच त्यातले.

एक वाक्य तुम्हाला मुंबईत दर आठवड्याला ऐकू येईल, "कर्नाटकातले असून मराठी छान बोलता हो तुम्ही!" थँक्यू म्हणा. तुमचे काका महाराष्ट्रात जायचं म्हणून केलेल्या साराबंदी आंदोलनात होते, आत्याच्या लग्नाची पत्रिका मराठीत छापली म्हणून कोण काय बोललं होतं, २००४ पासून सीमावादाची केस सुप्रीम कोर्टात आहे, यातलं काही काढू नका, समोरच्याला लोकल पकडायची असते.

व्हर्सटाइल या शब्दाचा अर्थ पण आधी क्लिअर करून घ्या. जुन्या काळी तो फार कष्टाचा शब्द होता. दिलीप प्रभावळकर घ्या, दूरदर्शनवरचे चिमणराव तेच, तात्या विंचू पण तेच, आबा टिपरे तेच, आणि २००६ ला हिंदी सिनेमात गांधीजी झाले त्याला राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला. आता गांधीजी आणि तात्या विंचू एकाच माणसात राहतात हे आठवायलासुद्धा थांबावं लागतं, एवढा तो माणूस प्रत्येक वेळी आतून बदललेला. तुम्ही असलं काही करायला जाऊ नका, त्याला वर्षं लागतात आणि इथं स्किट आदल्या रात्री हातात येतं. तुमचं व्हर्सटाइल म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत अण्णा, नंतर मिशी काढून अण्णाचा जुळा भाऊ, शेवटी साडी नेसून अण्णाची बायको. साडी नेसली की हशा येतोच, त्यात तुमचा हात किती आणि साडीचा किती ते विचारायचं नाही. आणि जमिनीवर पडायला शिका. बेळगावच्या पावसाळ्यात स्कूटर चालवली असेल तर ते येतच असेल.

पैशाचं थोडक्यात. पर डे ठरतो, त्यातला वाटा कोऑर्डिनेटरचा, उरलेले नव्वद दिवसांनी. नव्वद दिवस म्हणजे एक अंदाज असतो, पंचांगासारखा. खरी कमाई सुपारीत, म्हणजे दहीहंडी, शोरूमचं ओपनिंग, कुणाच्या तरी बारशाला "सेलिब्रिटी उपस्थिती". गुरुवारी टीआरपी येतो, तो चांगला आला तर शो चांगला, पडला तर कॉमेडी तुमची कमी पडली.

थोडं नाव झालं की मुलाखत होते, तिथं स्ट्रगल स्टोरी लागते. भाऊ कदमांची पानटपरी सगळ्यांना पाठ आहे, गौरव मोरेनं पवईतला आपला फिल्टरपाडा घराघरात नेला. आपल्याकडं काय कमी आहे? मावसभावानं चांगला अर्धा तास सांगितलं, मराठी शाळेतले वर्ग कसे कमी होत गेले, घरातल्या कागदावर वडिलांचं नाव तीन प्रकारे कसं लिहिलंय, डोमिसाइल विचारलं की पोटात कसा गोळा येतो. मुलाखत घेणारी बाई खरंच रडायला आली होती. मग मागून कुणीतरी म्हणालं, हा सीमावाद-बिमावाद नको, चॅनेल दोन्हीकडं दिसतं. सगळं कापलं. एपिसोडमध्ये राहिलं एवढंच की लहानपणी ह्याला कुंदा फार आवडायचा.

आवडत नाही त्याला. दात किडलेत.

गावात परत आलात की मान ताठ ठेवा. आपल्या गावातल्या शहापूर भागातले काका विचारतील, "टीव्हीवर दिसूलास की रे, पर्मनंट केलं काय?" कुणी म्हणेल, अण्णाचा रोल करून आपलीच चेष्टा केलीस. दुसरा म्हणेल, बायकांचे कपडे घालतोय, पोरगी कोण देणार. दोघांबरोबर पण सेल्फी काढा, दोघांना पण तो हवाच आहे.

गेल्या गणपतीत मावसभाऊ वारसा नोंदीचं काम घेऊन त्याच त्या काउंटरवर गेला, जिथं तो बारावीपासून जातोय. फॉर्म कन्नडमध्ये. ह्यानं पाठ केलेलं कन्नड काढलं, "साहेब्र, स्वल्प नोड्री," म्हणजे जरा बघा की. साहेबांनी चष्मा वर केला, बघत राहिले आणि अस्सल शहापुरी मराठीत म्हणाले, "अरे, तू तो अण्णा नव्हं? आमच्या घरात रोज रात्री जेवताना तूच असतोस की!" वीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. आतल्या टेबलावरच्या बाई पण उठून आल्या. साहेब म्हणाले, ते लुंगीचं करून दाखव की.

ह्यानं करून दाखवलं. फायलींच्या गठ्ठ्यापुढं, लुंगी नसताना, तो अदृश्य जिल्ह्याचा डायलॉग, वर एकदा पडून पण दाखवलं. पूर्ण ऑफिस हसलं, शिपायानं शिट्टी मारली, साहेबांनी व्हिडिओ काढून सासूला पाठवला आणि डोळे पुसत पुसत फॉर्म चाळला.

"झेरॉक्स एक कमी हाय," म्हणाले. "नाळे बर्री."