घरच्यांना जाहिरातींवर क्लिक करायला लावू नका

ताईने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "यात कितपत तथ्य आहे रे? तुझा भाचा कोर्सचे पैसे भरायचेच म्हणून हटून बसलाय." नंतर तोच मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरताना दिसला. गेम बनवायचा कोर्स विकणारा तो मजकूर थोडक्यात असा: व्हिएतनामच्या एका मुलाने तीन दिवसांत मोबाइल गेम बनवला आणि दिवसाला तीस लाख कमावले. तुम्हाला कोडिंग यायची गरज नाही. तयार सोर्स कोड (गेमचा लिहिलेला प्रोग्रॅम) विकत घ्या, नाव आणि चित्रं बदला, प्ले स्टोअरवर टाका, आठवडाभरात जाहिरातींची कमाई सुरू. आणि सुरुवातीला आकडा वाढावा म्हणून घरच्यांना रोज जाहिरातींवर क्लिक करायला सांगा.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण तो नुसता खोटा नाही, तो पोरांना गोत्यात आणणारा आहे.

लहान गेममधल्या जाहिराती बहुतेक वेळा गूगलच्या अ‍ॅडमॉब या जाहिराती पुरवणाऱ्या सेवेतून येतात. अ‍ॅडमॉबच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या अ‍ॅपमधल्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करायला सांगायचं नाही. असे क्लिक 'इनव्हॅलिड ट्रॅफिक', म्हणजे खोटी वर्दळ, धरले जातात. ते पैसे कापून जाहिरातदाराला परत जातात आणि खातं बंद होऊ शकतं. कमाई शंभर डॉलरचा टप्पा ओलांडेपर्यंत हातात दमडी येत नाही. म्हणजे पोरगं स्क्रीनवर वाढणारा आकडा बघून खूश, आजी-आत्या-काका क्लिक करून दमलेले, आणि पैसे मिळायच्या आत खात्याला कुलूप. त्यात खातं काढायला वय अठरा पूर्ण लागतं. दहावी-अकरावीतल्या मुलाचं खातं आईच्या किंवा वडिलांच्याच नावावर निघणार, म्हणजे बंदीही त्यांच्याच नावावर बसणार. एकदा अशा कारणाने बंद झालेल्या माणसाला नवं खातं काढायची परवानगी नसते. हे न सांगता पालकांकडून फी घेणं ही शुद्ध फसवणूक आहे.

तयार सोर्स कोडचं काय? तोच कोड शेकडो जणांनी घेतलेला असतो. एकसारखी, नक्कल केलेली अ‍ॅप्स प्ले स्टोअरच्या नियमांत बसत नाहीत, ती काढून टाकली जातात. आणि समजा गेम टिकलाच, तरी तो कोण कशाला उतरवून घेईल?

आता तो व्हिएतनामचा मुलगा. त्याचं नाव डाँग गुयेन, गेम फ्लॅपी बर्ड. गेम दोन-तीन दिवसांत झाला हे खरं, मान्य करतो. दिवसाला पन्नास हजार डॉलर हा आकडाही त्याने स्वतः एका मुलाखतीत सांगितलेला. पण फॉरवर्डने सोयीस्करपणे गाळलेलं असं की तो शाळेपासून प्रोग्रॅमिंग करत होता आणि आधी त्याने दुसरे गेमही बनवले होते. फ्लॅपी बर्ड मे २०१३ मध्ये आला आणि महिनोनमहिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये तो अचानक उसळला आणि फेब्रुवारीत गुयेनने स्वतःच तो काढून टाकला. अँग्री बर्ड्स या गेमचं उदाहरणही असंच देतात, पण २००९ चा तो गेम रोव्हिओ कंपनीचा ५२वा होता, आणि तोवर कंपनी बुडायला आली होती.

'आठवडाभरात' हेही चुकीचं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या प्ले स्टोअरच्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला आधी 'बंद चाचणी', म्हणजे निवडक लोकांकडून गेम वापरून बघणं, घ्यावी लागते: किमान १२ जण, सलग १४ दिवस. सुरुवातीला २० जण लागत, ते पुढे कमी केले. त्यानंतर गेम सगळ्यांसाठी खुला करायचा अर्ज, त्यात चाचणीतून काय कळलं याची उत्तरं, मग गूगलची तपासणी. हा नियम मला तरी रास्त वाटतो. साध्या, कमी रॅमच्या फोनवर गेम चालवून बघा म्हणजे कळेल. मध्येच फोन येतो, बोलून परत यावं तर आवाज गेलेला. पॉजचं बटण कॅमेऱ्याच्या खाचेखाली लपलेलं. नाणी मिळतील म्हणून तीस सेकंद जाहिरात बघितली, नेट गेलं, नाणी आलीच नाहीत. तो खेळणारा एक स्टार देऊन निघून जातो. दुसऱ्याचा कोड आणलेल्या मुलाला यातलं काय दुरुस्त करता येणार?

साधनं फुकट आहेत हे मात्र खरं. गेम बनवायचं सॉफ्टवेअर गोडो पूर्ण मोफत आहे, तसंच दुसरं, युनिटीही सुरुवातीला मोफत. प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर. म्हणूनच तर त्या कोर्सला पैसे मोजायची गरज नाही. भाच्याला मी गोडो उतरवून दिलंय, एका स्क्रीनचा गेम तो स्वतः लिहील.

आणि ज्यांच्या घरात हे क्लिक आधीच सुरू झालेत, त्यांनी ते आजच थांबवा. चाचणीसाठी अ‍ॅडमॉब वेगळ्या टेस्ट जाहिराती देतं आणि घरचे फोन टेस्ट डिव्हाइस म्हणून नोंदवता येतात. ते आधी करा.