पहिल्याच फोनवर रेफरन्स मागणाऱ्यांना काय सांगायचं

हिंजवडी-खराडीत थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे पगार एका कंपनीचा आणि काम दुसऱ्या कंपनीत (क्लायंटकडे), अशा कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. पर्मनंटवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, उद्याचं कोणी सांगितलंय!

रिक्रूटरचा फोन येतो. अनुभव किती, सीटीसी किती, नोटीस पिरियड किती, आणि लगेच, "मॅनेजर लेव्हलचे दोन रेफरन्स द्या ना, नंबर आणि ऑफिसचा मेल." जेडी, म्हणजे काम काय त्याचं वर्णन, अजून पाठवलेली नाही, क्लायंट कोण ते सांगायचं नाही, पण तुमच्या मॅनेजरचा नंबर मात्र आजच हवा. तुमची चौकशी करायला? बऱ्याचदा नाहीच. कुठल्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर माणसं कोण घेतं, एवढंच त्यांना काढून घ्यायचं असतं. मग तुमच्या मॅनेजरला फोन जातो, "सर, आमच्याकडे जावाचे चांगले प्रोफाइल आहेत."

पर्मनंट माणूस चार-पाच वर्षांनी नोकरी शोधतो, आपलं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं नाहीतर वर्षाचं. दर वेळी चार कन्सल्टन्सींना तोच नंबर वाटला, तर आपल्याबद्दल चांगलं बोलणारा माणूसही फोन उचलेनासा होतो. आणि चालू क्लायंटकडे कुणकुण लागली, तर एक्स्टेंशन गेलंच म्हणून समजा.

म्हणून सरळ सांगावं, "ऑफर ठरली की देतो." ज्याच्याकडे खरंच जागा आहे तो थांबतो. आणि नंबर देण्याआधी त्या माणसाला विचारायचं, हे वेगळं सांगायला नकोच.

आता नाव कुणाचं द्यायचं? कागदोपत्री आपला एम्प्लॉयर पेरोल कंपनी. तिथल्या एचआरने आपलं तोंडही पाहिलेलं नसतं, ते तारखा आणि हुद्दा सांगून मोकळे होतात. काम पाहिलेलं असतं क्लायंटकडच्या लीडने, पण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत त्याला लेटरहेडवर लिहून द्यायची परवानगी नसते. माझ्या मते सगळ्यात उत्तम रेफरन्स म्हणजे ती कंपनी सोडून दुसरीकडे गेलेला आपला जुना लीड. तो मोकळेपणाने बोलतो.

रेझ्युमेवर नुसतं क्लायंटचं वजनदार नाव टाकून पेरोल कंपनी गाळणारे खूप आहेत. कृपा करून असं करू नका. यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्टरीत आणि फॉर्म १६ वर पेरोल कंपनीचंच नाव असतं. बीजीव्हीत, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, ते जुळलं नाही की शंका तुमच्यावर, मग रेफरन्स कितीही भारी असो. दोन्ही नावं लिहा, कोण पेरोल आणि कोण क्लायंट ते स्पष्ट करा. जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर ती आपली आपण भरता येते. त्यासाठी यूएएनला आधार जोडलेला हवा.

आणि लीडचा स्वतःचा नंबर कॉन्ट्रॅक्ट चालू असतानाच घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा केला की ऑफिसचा मेल आणि टीम्स दोन्ही बंद.